बैठकीत नसलेला आवाज

मी पत्रकांवर वाढले. वडील ओझरच्या विमान कारखान्यात कामाला आणि युनियनच्या कामात, त्यामुळे घरात पत्रकं सगळीकडे. कपाटात कपड्यांखाली पत्रकं, मसाल्याच्या डब्यांखाली पत्रकं, पावसात बुटांच्या आत कोंबायलाही पत्रकंच. मी वाचायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. दुसरीत असताना मी विचारलं, की भगिनींनो का नाही? बरंच रडून-ओरडून विचारलं असावं, कारण पुढच्या पत्रकात वडिलांनी ‘बंधू-भगिनींनो’ केलं. भांडलं की छापलेलंसुद्धा बदलतं, हे मला तेव्हा कळलं. तिथूनच माझा स्वभाव बिघडला, असं आई आजही म्हणते.

पत्रकाचा मसुदा आमच्या घरी ज्या पद्धतीने तयार व्हायचा, ती पद्धत मात्र मला आजही मान्य आहे. ज्याने लिहिलंय त्याने मोठ्याने वाचायचं आणि मग गप्प बसायचं. बाकीच्यांनी एकेक करून बोलायचं. आपण सुचवलेल्या मुद्द्याची बाजू आपणच घ्यायची नाही. तो चांगला असेल तर दुसरा कुणीतरी घेईल. आणि ‘छान’ म्हणायला बंदी. वडील म्हणायचे, छान म्हणणाऱ्याने एकतर ऐकलेलं नसतं, नाहीतर त्याला लवकर घरी जायचं असतं.

नव्वदचं दशक संपता संपता मी ही पद्धत आमच्या कलापथकात आणली. कलापथक म्हणजे चार माणसं. गाणाऱ्या ताई मखमलाबादच्या बाजूच्या, फुलांच्या मळ्यातल्या. पहाटे झेंडू-शेवंती बाजारात विकायची आणि संध्याकाळी वस्तीवर येऊन गायचं. पेटीला निफाडकडचे एक मास्तर. घरची द्राक्षबाग असल्यामुळे द्राक्षाच्या हंगामात ते आमच्या हाती लागत नसत. ढोलकीला देवळाली कॅम्पच्या बाजारातले एक टेलर. ते स्वतःच सांगायचे, “दिवसा मिल्ट्रीचे कपडे शिवतो आन् संध्याकाळी सरकारच्या विरुद्ध ढोलकी बडवतो. दोन्हीकडं माप बरोबर लागतं.” चौथी मी. गाणी माझी, कोरसमधला ओरडाही माझा.

गाणी पाण्याची होती, रेशनची होती, बायकांच्या मजुरीची होती. कार्यक्रम संपला की लोक विचारायचे, याची कॅसेट मिळेल का? मी आधी विरोध केला. गाणं ही विकायची वस्तू नाही, असं एक लांबलचक भाषणही दिलं. टेलरमामा म्हणाले, “विकायचं कोण म्हणतंय? तुझी पत्रकं वाटतेस ना चौकात, तशी वाट.” मग रेकॉर्डिंग करायचं ठरलं. आज करू, उद्या करू, असं करता करता दोन-तीन वर्षं गेली.

ताईंचा घसा बसायला लागला तेव्हा आम्ही जागे झालो. चौकसभेला माइक मिळेलच असं नसायचं, त्यामुळे त्या उघड्या गळ्याने गायच्या. त्याआधी पहाटे बाजारातली ओरड. वरच्या पट्टीत आवाज फाटायला लागला, बोलताना मधूनच नुसती हवा यायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठी आहेत. “लहान आहेत, काढून टाकू,” ते म्हणाले. “आवाज येईल. पण तो असाच येईल का, हे मी लिहून देणार नाही.”

ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, “मग आधी आमचं रेकॉर्डिंग होऊ द्या. नंतर काय कापायचं ते कापा.”

नाशिक रोडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये एका ऑर्केस्ट्रावाल्याने छोटा स्टुडिओ केला होता. भिंतींना गोधड्या, खिडकीला फळी, पंखा बंद. लग्नं, वाढदिवस, जयंत्या अशा सगळ्या ठिकाणी कीबोर्ड वाजवणारा माणूस. तो पुढाऱ्यांच्या वाढदिवसालाही वाजवायचा, त्यामुळे मला आवडायचा नाही. पण आमच्याकडून त्याने काही घेतलं नाही, आणि ताईंकडून कसं गाऊन घ्यायचं ते त्याला बरोबर कळलं. “बाई, जोर लावू नका. मी इथंच बसलोय, मागच्या रांगेत नाही,” तो म्हणाला. ताई एकेक गाणं एकदाच गायल्या. दुसऱ्यांदा गायची गळ्यात ताकद नव्हती. प्रत्येक ओळीआधी त्या श्वास घ्यायच्या तो मोठा, खरखरीत, अगदी स्पष्ट ऐकू यायचा. एका गाण्यात लांबून देवळालीच्या लष्करी सरावातल्या तोफेचा धूम् असा आवाजही आला. टेलरमामा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं बेस फुकट मिळतो.”

ऑर्केस्ट्रावाला आवाज घुमवायला एको टाकतो म्हणाला. मी नाही म्हणाले. आमची गाणी देवळातली नाहीत आणि सिनेमातलीही नाहीत. थोडं भांडण झालं. शेवटी त्याने सगळ्यांचे आवाज वेगवेगळे सीडीवर भरून माझ्या हातात ठेवले. “घरी कॉम्प्युटर आहे ना तुझ्या? मिक्सिंग तूच कर, पत्रकवाली. नाहीतरी मला करू देणार नाहीसच.”

निघताना ताईंनी सीडीच्या पाकिटावर बोट ठेवलं. “माझा आवाज तुझ्याकडे ठेवून चाललेय,” त्या म्हणाल्या. “नीट ठेव.”

मी हो म्हणाले.

आमचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून जुळवून घेतलेला, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. मिक्सिंग म्हणजे काय ते मी करता करताच शिकले. पडद्यावर प्रत्येकाचा एक पट्टा, त्याला आवाज कमी-जास्त करायचा एक दांडा. पेटी, ढोलकी, ताई, कोरस. हे ठरवायचं एकटीने असं माझ्या मनातही आलं नाही. गाणी सगळ्यांची, तर दांडेही सगळ्यांचे. म्हणून मी बैठक बोलावली आणि नियम तेच ठेवले: ऐकवणाऱ्याने गप्प बसायचं, ‘छान’ म्हणायचं नाही, आणि आपल्या स्वतःच्या वाद्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

ताई तेव्हा दवाखान्यात होत्या. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. आता डॉक्टर सांगेपर्यंत मौन. कुजबुजसुद्धा चालणार नव्हती.

पहिलं गाणं ऐकून झालं. टेलरमामांनी घसा साफ केला.

“माझ्या ढोलकीबद्दल मी काय बोलत नाय. नियम हाय. पण मास्तरांची पेटी लय दबलीय. एवढा गोड हात मास्तरांचा आन् ऐकूच येत नाय.”

मास्तर संकोचले. “माझं राहू द्या हो. पण दुसऱ्या कडव्यानंतर यांनी जो तुकडा वाजवलाय ना, तो अजून वर यायला हवा. लोक तिथेच टाळ्यांचा ठेका धरतील.”

मी पेटी वर केली, ढोलकी वर केली. पुन्हा लावलं.

“आता पेटी बरी वाटते,” टेलरमामा म्हणाले. “अजून एवढीशी.”

“मग ढोलकीही तेवढीच वर घ्या,” मास्तर म्हणाले. “अन्याय नको.”

“आन् हिचा कोरस? शब्द हिचेच हायत. पोरगी कवाची गप बसलीय.”

माझा दांडाही वर गेला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एकमेकांसाठी इतकं निःस्वार्थ भांडणारी माणसं मी क्वचितच पाहिली होती. स्वतःसाठी कुणी एक शब्द बोललं नाही. बैठका होत गेल्या, मधे लाइट जात होती, येत होती, प्रत्येक बैठकीत आम्ही एकमेकांना थोडं थोडं वर चढवत होतो. सगळी गाणी झाली तेव्हा मला वाटलं, पद्धत असावी तर अशी.

कॅसेट भरून, वॉकमन घेऊन मी मळ्यात गेले. ताई घरी आल्या होत्या. हातात शाळेतली जुनी पाटी, तिच्यावर लिहून सगळा कारभार चालू. त्यांच्या सासूबाई शेजारी बसून झेंडूच्या माळा करत होत्या. ताईंनी हेडफोन लावला. पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. डोळे माळांकडे. मग हेडफोन काढून त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं:

छान.

या बाईने मला इतक्या वर्षांत एकदाही छान म्हटलेलं नव्हतं. ‘या ओळीत जीभ अडकते’, ‘हे कडवं भाषण झालंय’, ‘हा शब्द आमच्यात कुणी वापरत नाही’, हे त्यांचं बोलणं. मी विचारलं, “ताई, काय कमी आहे? लिहा ना.” त्यांनी तो शब्द तळहाताने पुसला आणि लिहिलं, ‘चहा घेऊन जा.’

चहा मी घेतला. कसा होता ते आठवत नाही. एवढं कळत होतं, की त्यांनी माझ्याकडे काहीतरी ठेवायला दिलं होतं आणि ते त्यांना सापडलं नव्हतं.

तिथून थेट नाशिक रोडला गेले. ज्या माणसाशी एकोवरून भांडले होते त्याच्याकडेच जायचं म्हणजे जिवावर आलं होतं, पण दुसरं कोण होतं? ऑर्केस्ट्रावाल्याने कॅसेट हातात घेतली, टेपमध्ये घातली आणि स्वतः आत निघाला.

“ऐकणार नाही का तुम्ही?”

“ऐकतोय की. समोर बसून मी कधीच ऐकत नाही. समोर बसलं की माणूस ऐकायच्या ऐवजी कौतुक करतो. लोक गाणं काम करताना ऐकतात. मी चहा टाकतो.”

दार अर्धं लोटून तो स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज, आलं ठेचल्याची ठकठक, इकडे आमचं पाण्याचं गाणं. गाणं संपलं तेव्हा तो दोन कप घेऊन बाहेर आला, तोंडाने ढोलकी वाजवत. मग पेटीची धून गुणगुणला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आणि मग तू ओरडतेस.”

“शब्द कसे वाटले?”

“शब्द होते? मला वाटलं आलाप आहे.”

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला याहून वाईट काही ऐकवता येत नाही.

“कुणी कुणी ऐकलंय हे?” त्याने विचारलं.

“तिघांनी. बैठकीत.”

“आणि बाई?”

“ऐकलं, पण त्यांना बोलायला बंदी आहे.”

“मग बाईंच्या बाजूने कोण बोललं?”

पेटीच्या बाजूने ढोलकी बोलली होती, ढोलकीच्या बाजूने पेटी, माझ्या बाजूने दोघंही. स्वतःबद्दल बोलायचं नाही हा आमचा एवढा थोर नियम, आणि त्याने फक्त हजर असलेल्यांचं भलं झालं होतं. सभांमधून मी गळा काढून हेच तर सांगत होते, की जिथे ठरतं तिथे ज्यांना बसू दिलं जात नाही, त्यांच्या वाट्याला काही येत नाही.

“तुमच्या मोर्चात घोषणा किती जण देतात?” तो म्हणाला.

“एक जण देतो. बाकीचे मागून.”

“मग इथे चौघं एकदम का देताय?”

मला राग आला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला वाजवणाऱ्याने मला मोर्चा शिकवावा! पण राग चहाइतकाही टिकला नाही. उलट हलकं वाटायला लागलं. ताईंचा पट्टा वेगळा होता, जसाच्या तसा घरी होता. आवाज हरवला नव्हता. त्याच्यावर आम्ही तिघं बसलो होतो, एवढंच. उठायचं होतं.

“आणि एक,” दारापर्यंत येत तो म्हणाला. “श्वास कापून टाक बाईंचे. फार ऐकू येतात. आजारी वाटतं.”

“ते नाही कापणार,” मी म्हणाले. “माणूस गातोय, श्वास घेणारच.”

“बरं बाई,” तो हसला. “तेवढं भांडण तुझं.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बैठक बोलावली आणि नियम बदलला. आज प्रत्येकाने फक्त ताईंच्या वतीने बोलायचं. काय झालं होतं ते सरळ सांगितलं. मास्तर चष्मा पुसायला लागले. टेलरमामांनी मान हलवली.

“ताईच्या वतीनं ना? मग ऐका. तो ढोलकीवाला लय शेफारलाय. त्याला मागं बसवा.”

मग ते स्वतःच माउस घेऊन बसले. आपला दांडा खाली ओढताना तोंड असं, जसं कुणीतरी दाढ काढतंय. “हळू, हळू... एवढं नको, मरंल बिचारा.” मास्तरांनी पेटी इतकी खाली नेली की मलाच ती थोडी वर आणावी लागली. माझा कोरस मी पार मागे ढकलला, आणि खरं सांगायचं तर गाणं तिथेच निम्मं सुधारलं. शेवटी लावलं तेव्हा पहिल्या ओळीआधी श्वास आला, मोठा, खरखरीत. त्यामागून ताई. त्या खोलीत उभ्या असल्यासारख्या.

“नळाखाली रांग माझी, टाकीमध्ये पाणी तुझं...”

शब्द आपलेच असले तरी मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. मास्तर म्हणाले, “श्वासाचं मात्र बघा. त्यांना वाईट वाटेल का? दुखण्याची आठवण.” ते मलाही ठरवता येत नव्हतं. ते ताईच सांगू शकत होत्या.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिल्याचा निरोप आला, त्याच दुपारी आम्ही तिघं मळ्यात गेलो. थंडीचे दिवस, शेवंतीला बहर. ताईंचे यजमान बांधावरच भेटले आणि हळूच म्हणाले, “सकाळपासून परवानगी आहे, पण तोंड उघडलेलं नाही. घाबरलीय. आवाज कसा येईल म्हणून बोलतच नाही. पाटी सोडत नाही.”

ताई अंगणात होत्या, पाटी मांडीवर. आम्हाला बघून हसल्या, बोलल्या नाहीत. मी कॅसेट दाखवली. फुलं बाजारात न्यायचा टेम्पो उभा होता आणि टेप त्यातच होता. ताई उठून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या. मी खिडकीतून हात घालून कॅसेट लावली. मास्तर आणि टेलरमामा बोनेटजवळ उभे, परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे. सासूबाईंच्या हातातली सुई थांबली.

श्वास आला.

ताईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. गाणं पूर्ण होईपर्यंत त्या समोरच्या काचेतून वाफ्यांकडे बघत होत्या. मधे देवळालीची तोफ धूम् करून गेली. शेवटची ओळ संपली, टेपची नुसती सरसर उरली. ताईंनी पाटीकडे हात नेला. माझ्या डोळ्यांपुढे ‘छान’ दिसायला लागलं.

त्यांनी पाटी उचलली, बघितली आणि शेजारच्या सीटवर पालथी ठेवली. तोंड उघडलं. आधी नुसतीच हवा आली. यजमानांनी टेम्पोचा दरवाजा घट्ट धरला. मग पुन्हा प्रयत्न झाला आणि आवाज आला. थोडा खाली उतरलेला, झोपेतून उठल्यासारखा, पण त्यांचा. कुठेही भेटला असता तरी ओळखला असता असा.

“श्वास ऐकू येतो गं माझा.”

“काढू का?” मी विचारलं.

“कशाला? राहू दे. मीच आहे ती.” त्यांनी गळ्याला हात लावून बघितला, जणू आत कोण बोललं ते तपासत होत्या. मग म्हणाल्या, “ढोलकी कमी कर.”

“अजून?” टेलरमामा बोनेटवरून ओरडले. “ताई, इतक्या दिसांनी तोंड उघडलं आन् पैला घाव माझ्यावरच?”

“अजून संपलेलं नाही,” ताई म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही कुठे गेलात? पेटी ऐकूच येत नाही. सुरासाठी काय विहिरीत बघू?”

मास्तर इतके खूश झाले, की त्यांची बोटं बोनेटवरच पेटी वाजवायला लागली. यजमान दरवाजा सोडून उगाच टायर बघायला खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. सासूबाईंनी सुई पुन्हा फुलात घातली. “आली वाचा,” त्या म्हणाल्या. “चार दिवस घर शांत होतं, आता सुरू.” बोलता बोलता पदराने डोळे पुसत होत्या.

“आणि तू,” ताई माझ्याकडे वळल्या, “दुसऱ्या कडव्यात भाषण केलंयस ते केलंयसच. मी सांगितलं होतं. ऐकलं नाहीस.”

“नाही ऐकलं,” मी म्हणाले. माझं हसू थांबत नव्हतं.

“सूनबाई, थोडंच बोल म्हणालेत डॉक्टर,” सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली. मग टेपकडे बोट दाखवून, अगदी हळू, म्हणाल्या, “परत लाव.”